बटनं काढली होती का?

लग्नानंतरच्या तिसऱ्या दिवाळीची गोष्ट. सण आठ दिवसांवर आलेला आणि माझ्या अंगात साफसफाईचं वारं शिरलेलं. सासूबाई शेगावला दर्शनाला गेल्या होत्या. घर आपल्याच ताब्यात आहे म्हटल्यावर मी माळ्यावर चढले आणि कित्येक वर्षांत न हललेली पत्र्याची काळी पेटी खाली ओढली. आत मामाजींचे (आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात) पलटणीतले कपडे होते. दोन हिरवे शर्ट, एक जर्सी, लोकरीचा जाड ओव्हरकोट. कोटाला ठिकठिकाणी कसर लागलेली. मामाजी जाऊन दोन वर्षं झाली होती. कोट घालणारं घरात कुणी नव्हतं, आणि बुलढाण्याची थंडी कितीही बोचरी असली तरी तसला कोट घालावा इतकी नाही.

तेवढ्यात गल्लीत भांडेवालीची हाक आली. बायकांचं आणि भांडेवालीचं नातं काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. ती एक डबा पुढे करणार, आपण पातेलं मागणार, ती आणखी एक साडी मागणार. पाऊण तास घासाघीस झाली आणि त्या सगळ्या कपड्यांवर मी एक मोठा स्टीलचा गंज मिळवला. झाकणासकट! केवढा पराक्रम केल्यासारखं वाटलं मला.

सासूबाई दोन दिवसांनी परत आल्या. मी हौसेनं गंज दाखवला आणि कशावर घेतला तेही सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. थोडा वेळ गंजाकडे बघत राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "बटनं काढली व्हती का?"

मी बटनं काढली नव्हती. तो गंज अजून घरात आहे, पण सासूबाईंनी त्यात कधी साधं पाणीही तापवलं नाही.

त्या बटनांवर काय होतं हे मला कळायला पुढे बरीच वर्षं जावी लागली. नात्यातल्या एका लग्नासाठी बेळगावला गेलो होतो. मामाजी मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते आणि त्या रेजिमेंटचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. ओळखीच्या एका निवृत्त सुभेदारांनी तिथलं संग्रहालय दाखवायला नेलं. काचेआड जुने गणवेश, टोप्या, पदकं, पितळी बिल्ले मांडलेले. बिल्ल्यावर बिगुल. मी विचारलं, "दादा, लढणाऱ्या पलटणीला हे वाजवायचं शिंग कशाला?" ते हसले. म्हणाले, लाइट इन्फन्ट्री म्हणजे मुख्य फौजेच्या पुढे पांगून, झपाट्यानं हालचाल करणारे शिपाई. ढोलाचा आवाज एका जागी रांगेत उभ्या असलेल्यांसाठी ठीक, पण रानावनात, डोंगरात पांगलेल्या माणसाला हुकूम पोचवायचा तर बिगुलच पाहिजे. त्यावरून बिगुल ही त्यांची खूण झाली. 'लाइट इन्फन्ट्री' ही पदवीसुद्धा फुकट मिळालेली नाही. अफगाण युद्धातल्या कामगिरीबद्दल १८४१ मध्ये मुंबई फौजेच्या तिसऱ्या आणि दहाव्या पलटणीला ती मिळाली आणि पुढे सगळ्या रेजिमेंटच्या नावाला चिकटली.

म्हणजे माझ्या भांडेवालीच्या गाठोड्यात पावणेदोनशे वर्षांचा बिगुल गेला होता. मला तिथं काचेसमोर उभं राहवेना.

तेव्हापासून या विषयाचा नाद लागला म्हणा ना. मी काही इतिहासाची प्राध्यापक नाही. बी.ए.ला इतिहास होता, तोही पास होण्यापुरता. पण बचत गटाच्या कामानं गावोगाव फिरताना, माजी सैनिकाचं घर दिसलं की मी हळूच विचारते, "पेटी आहे का हो?" आणि बहुतेक घरांत पेटी असते. ती कुणी उघडायची, कुणी जपायची आणि कुणी टाकायची, हे सगळं घरातली बाईच ठरवते.

आता थोडं या बिल्ल्यांचं वाचन कसं करायचं ते सांगते, कारण पेटी उघडली तरी आपल्याला त्यातलं काही उमजत नाही. बाहीवर एक पट्टी असेल तर लान्स नायक, दोन असतील तर नायक, तीन असतील तर हवालदार. खांद्यावर दोन तारे म्हणजे लेफ्टनंट, तीन म्हणजे कॅप्टन, नुसते अशोकस्तंभाचे सिंह म्हणजे मेजर. नायब सुभेदार आणि सुभेदार यांच्याही खांद्यावर तारे असतात, पण त्यांच्यासोबत रंगीत पट्टी असते. ती न बघता कुणी सुभेदारांना लेफ्टनंट समजलं तर ते सौजन्यानं दुरुस्त करतात, असा माझा अनुभव आहे! आज जिथं सिंह आहेत तिथं इंग्रजांच्या काळात राजमुकुट असे. २६ जानेवारी १९५० ला आपण प्रजासत्ताक झालो आणि मुकुट उतरला. त्यामुळे आजोबांच्या बिल्ल्यावर मुकुट दिसला तर तो त्या आधीचा, हे शाळेतलं पोरही सांगू शकेल.

महार रेजिमेंटचा बिल्ला तर एक अख्खा इतिहासच आहे. कोरेगावच्या १८१८ च्या लढाईत गाजवलेल्या शौर्यानंतरही पुढे इंग्रजांनी महारांची लष्करातली भरती बंद केली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून आधीच्या पिढीनं अर्ज-विनंत्या केल्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जोर लावला, आणि दुसऱ्या महायुद्धात, ऑक्टोबर १९४१ मध्ये, बेळगावला रेजिमेंट उभी राहिली. तिची दुसरी पलटण आपल्या विदर्भात, कामठीला उभारली गेली. त्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा विजयस्तंभ होता. पुढे रेजिमेंट मशीनगनची झाली तेव्हा एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या दोन व्हिकर्स मशीनगन आल्या, आणि नंतर स्तंभाच्या जागी खंजीर आला. जुना स्तंभाचा बिल्ला कुणाच्या पेटीत असेल तर त्या घरानं तो जिवापाड जपावा. बोटाच्या दोन पेरांएवढ्या पितळेत किती जणांचा झगडा आहे!

बिल्ल्यांमध्ये गंमतीही असतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढलेल्या सतराव्या भारतीय डिव्हिजनची खूण होती काळी मांजर. आपल्याकडे मांजर आडवं गेलं तर पोराला परीक्षेला निघायच्या आधी पाच पावलं मागे घेतात, आणि इथं हजारो जवान तेच मांजर दंडावर शिवून जपान्यांवर चालून गेले. अमेरिकेत खांद्यावर कापडी खूण शिवायची चाल पडली तीही मांजरापासूनच. पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, त्यांच्या एक्क्याऐंशीव्या डिव्हिजननं बाहीवर रानमांजर शिवून घेतलं. आधी इतरांनी नाकं मुरडली, मग त्यांच्या सरसेनापतींनी सगळ्याच डिव्हिजनना आपापली खूण लावायची मुभा दिली. आणि आपण त्यांच्याकडून काही घेतलं असं वाटत असेल तर हेही ऐका. आज जगभर सैनिकी रंग म्हणून ओळखला जाणारा खाकी मूळचा इकडचाच. खाक म्हणजे धूळ. वायव्य सरहद्दीवरच्या पलटणीनं १८४० च्या दशकात कपडे धुळीच्या रंगात रंगवले. तोच रंग आणि तोच शब्द अमेरिकी फौजेनं १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या लढाईत उचलला.

पण मला खरं सांगायचंय ते एका बाईबद्दल. आपल्या देशाचं शौर्याचं सर्वोच्च पदक कुणी आखलं, हे मी आमच्या तालुक्याच्या एका कार्यक्रमात विचारलं होतं. दीडशे बायका, शिक्षक, पुढारी. कुणालाही सांगता आलं नाही. मलाही आधी कुठं माहीत होतं!

परमवीर चक्र आखलं सावित्रीबाई खानोलकरांनी. नाव आपल्यातलं, पण जन्म २० जुलै १९१३ चा, स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल गावचा. माहेरचं नाव ईव्ह इव्हॉन मादाय द मारोस. वडील हंगेरियन, आई रशियन. इंग्लंडमध्ये लष्करी शिक्षण घेणारे विक्रम खानोलकर सुट्टीत तिकडे गेले होते, तिथं दोघांची ओळख झाली. ती तेव्हा शाळकरी पोर. वडिलांचा अर्थातच विरोध. इतक्या लांब, अनोळखी देशात पोरगी द्यायला कुठला बाप राजी होईल? पण पोरगी हट्टी. काही वर्षांनी ती भारतात आली आणि १९३२ मध्ये लखनौला दोघांचं लग्न झालं. ईव्हची सावित्रीबाई झाली. नाव बदललं, लुगडं नेसली, इथवर ठीक. पण ती मराठी शिकली, हिंदी शिकली, संस्कृत शिकली, पुराणं वाचली आणि महाराष्ट्रातल्या संतांवर इंग्रजीत पुस्तकही लिहिलं. आपल्यापैकी कितीजणींनी सासरच्या गावाचा इतिहास तरी वाचलाय?

स्वातंत्र्यानंतर नवी पदकं हवी होती. इंग्रजांचा व्हिक्टोरिया क्रॉस आता चालणार नव्हता. मेजर जनरल हिरालाल अटल यांच्याकडे ही जबाबदारी होती. त्यांना सावित्रीबाईंचा पुराणांचा व्यासंग माहीत होता, त्या उत्तम चित्र काढतात हेही माहीत होतं. त्यांनी त्यांनाच हे काम सांगितलं. सावित्रीबाईंना आठवले दधीची ऋषी. वृत्रासुराला मारायला शस्त्र हवं म्हणून देवांनी त्यांच्याकडे त्यांची हाडं मागितली. ऋषींनी देह ठेवला आणि त्या हाडांचं इंद्रानं वज्र केलं. दुसऱ्यांसाठी स्वतःचं हाडसुद्धा देणारा माणूस. परमवीर चक्रावर मधोमध अशोकस्तंभाची राजमुद्रा आणि तिच्या चारही बाजूंना इंद्राचं वज्र, ते असं आलं. वज्राच्या कडेला शिवरायांची तलवारही त्यांनी योजली होती, असं सांगतात. म्हणजे बघा, आपल्या सिंदखेडराजाच्या जिजाऊंच्या लेकाची तलवार त्या स्विस सुनेच्या मनात होती.

पदक काशाचं, जेमतेम साडेतीन सेंटिमीटर व्यासाचं. सोनं नाही, चांदी नाही. बघताना कुणाला वाटेल, एवढंसंच? फीत साधी जांभळी, तिच्यावर एकही रेघ नाही. मागच्या बाजूला हिंदी आणि इंग्रजीत नाव आणि दोन्हींच्या मध्ये दोन कमळं. महावीर चक्र आणि वीर चक्र ही दोन्ही चांदीची, पाच टोकांच्या ताऱ्याची. महावीरची फीत अर्धी पांढरी, अर्धी केशरी आणि वीर चक्राची अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. तीही सावित्रीबाईंचीच आखणी. तिन्ही पदकं २६ जानेवारी १९५० ला जाहीर झाली, पण लागू धरली १५ ऑगस्ट १९४७ पासून.

यातला योगायोग काळजाला हात घालणारा आहे. पहिलं परमवीर चक्र मिळालं मेजर सोमनाथ शर्मांना. हाताला प्लॅस्टर असताना हट्टानं आघाडीवर गेलेला हा अधिकारी ३ नोव्हेंबर १९४७ रोजी श्रीनगरच्या विमानतळाजवळ बडगामला लढताना पडला. त्यांचे धाकटे भाऊ म्हणजे सावित्रीबाईंचे जावई. थोरल्या मुलीच्या घरातला दीर. ज्या पदकाची रेघ न् रेघ आपण काढली ते पहिल्यांदा आपल्या लेकीच्या सासरी जावं, तेही मरणोत्तर! मुलीची आई म्हणून त्यांना त्या दिवशी काय वाटलं असेल, याचा मी अनेकदा विचार करते.

आजवर २१ जणांना परमवीर चक्र मिळालं, त्यातल्या १४ जणांना मरणोत्तर. ते जिवंतपणी मिळालेले पहिले वीर आपल्या कोकणी-मराठी पट्ट्यातले, कारवारजवळच्या चेंडियाचे राम राघोबा राणे. बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी रस्त्यावर सुरुंग आणि झाडांचे अडथळे गोळीबारात साफ करत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. कारवारच्या समुद्रकाठी आयएनएस चपळ या युद्धनौकेचं संग्रहालय केलंय, तिथं राण्यांचा पुतळा आहे. गोव्याला जाताना मुलांना जरूर दाखवा. शांतता काळातल्या शौर्याचं अशोक चक्र हीही सावित्रीबाईंचीच कल्पना. ते दोन बायकांना मिळालंय, दोघींनाही मरणोत्तर. १९८६ मध्ये कराचीला अपहृत विमानात प्रवाशांना वाचवणारी नीरजा भनोत आणि १३ डिसेंबर २००१ च्या संसद हल्ल्यात पडलेली केंद्रीय राखीव पोलीस दलाची शिपाई कमलेशकुमारी.

विक्रम खानोलकर मेजर जनरल झाले, पण १९५२ मध्येच गेले. सावित्रीबाई पुढे रामकृष्ण मठाकडे वळल्या. सैनिकांच्या कुटुंबांसाठी, युद्धात नवरा गमावलेल्या बायकांसाठी, फाळणीच्या निर्वासितांसाठी काम करत राहिल्या. २६ नोव्हेंबर १९९० ला त्यांचं निधन झालं.

गंमत अशी की अमेरिकेतही असंच घडलंय. 'पर्पल हार्ट' म्हणजे जांभळं हृदय, हे त्यांचं जखमी आणि मृत सैनिकांचं पदक. मूळ कल्पना जॉर्ज वॉशिंग्टनची, १७८२ ची. तेव्हा ते नुसतं जांभळ्या कापडाचं हृदय होतं, छातीवर शिवायचं. नंतर दीडशे वर्षं सगळे विसरले. १९३२ मध्ये, वॉशिंग्टनच्या जन्माला २०० वर्षं झाली तेव्हा ते पुन्हा सुरू करायचं ठरलं. त्या नव्या पदकाचं चित्र काढलं त्यांच्या लष्करी कचेरीतल्या एलिझाबेथ विल या बाईनं. तिकडे एलिझाबेथ, इकडे सावित्री, आणि दोघींच्याही फितीचा रंग जांभळा. दुसऱ्या महायुद्धात जपानवर थेट उतरायचं ठरलं होतं. किती माणसं पडतील याचा हिशेब करून अमेरिकेनं एवढी जांभळी हृदयं बनवून ठेवली की युद्ध संपल्यावर सुमारे पाच लाख शिल्लक राहिली. ती पुढे कोरियात, व्हिएतनाममध्ये पुरली. आधी मरणाची संख्या ठरवायची आणि मग तेवढी पदकं पाडून ठेवायची, हे वाचताना मला कसंसंच झालं.

त्यांच्याकडे जपण्याची रीत मात्र शिकण्यासारखी आहे. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात एक जुना झेंडा आहे. त्यांचं राष्ट्रगीत ज्यावरून लिहिलं गेलं तो. बाल्टिमोरच्या मेरी पिकर्सगिल या विधवा शिवणकाम करणारीनं १८१३ मध्ये तो शिवला. सोबत तिची मुलगी, पुतण्या-भाच्या आणि ग्रेस विशर नावाची तेरा वर्षांची कृष्णवर्णीय कामकरी पोर. झेंडा ३० फूट बाय ४२ फूट! घरात मावेना, तर शेजारच्या दारूभट्टीच्या कोठारात पसरून शिवला. पुढे तो एका सेनाधिकाऱ्याच्या घरात राहिला आणि येईल त्या पाहुण्याला आठवण म्हणून त्याचे तुकडे कापून दिले गेले. एक अख्खा तारा गेला. आता त्याची लांबी ३४ फूट उरली आहे. १९१४ मध्ये अमेलिया फाउलर आणि तिच्या हाताखालच्या बायकांनी तो टिकावा म्हणून मागे कापड लावून सुमारे सतरा लाख टाके घातले. पुढे तेच टाके झेंड्याला ताण देतात असं दिसलं, म्हणून १९९८ नंतर तज्ज्ञांनी एकेक टाका कापून काढला. सतरा लाख टाके! गोधडीचा एक दोरा उसवताना आपले डोळे दुखतात.

आपल्याकडे पुण्याला घोरपडीजवळ नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलेलं युद्ध स्मारक आहे, अहिल्यानगरला (पूर्वीच्या अहमदनगरला) १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे, बेळगावचं तर सांगितलंच. पण मेहकर-लोणारकडच्या बाईला बेळगाव म्हणजे परदेशच. तिच्या घरच्या पेटीचं काय?

मागच्या पावसाळ्यात मेहकर तालुक्यातल्या एका गावी गटाच्या बैठकीला गेले होते. बैठक झाल्यावर एक सत्तरीच्या पुढची आजी माझा हात धरून घरी घेऊन गेली. नवरा महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, वारून नऊ वर्षं झाली. "सून म्हन्ते, पेटीनं जागा अडोली. नातू म्हन्तो, जर्सी मले दे, भरतीच्या सरावाले घालतो. तू शिकलेली हायेस, तू सांग काय करू." सून दारात उभी. चेहरा थोडा अपराधी, थोडा वैतागलेला. मला माझाच वीस वर्षांपूर्वीचा चेहरा दिसला. दोन खोल्यांचं घर, पाच माणसं, शिवाय सोयाबीनची पोती. जागा खरंच नव्हती हो. तिला नावं ठेवायचा मला काय अधिकार?

पेटी उघडली. पदकं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेली. मी आणि सुनेनं ती जाजमावर मांडली. १९६५ च्या लढाईचं रक्षा पदक, १९७१ चं संग्राम पदक, पश्चिम आघाडीवर होते म्हणून पश्चिमी स्टार, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पदक. कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं. सुनेनं ते बोटानं वाचलं आणि म्हणाली, "हे मामाजींचंच नाव हाय की!" तिनं आजवर ती पिशवी सोडूनच बघितली नव्हती. नातवानं ब्रासोची बाटली आणली, पदकं चकचकीत करायला. मी त्याला थांबवलं. घासून घासून अक्षरं आणि नक्षी झिजते, काळपटपणा राहिला तरी चालेल. प्लॅस्टिकची पिशवी फेकून दिली, कारण तिच्यात दमट कोंडतं. धुतलेलं जुनं सुती धोतर फाडून त्यात एकेक पदक वेगळं गुंडाळलं. कपड्यांना घडीच्या जागी चीर पडते म्हणून घडीत कापडाची वळकटी ठेवली. डांबरगोळ्या थेट कपड्याला लागू नयेत म्हणून पुरचुंडीत बांधल्या. सोबत सुकवलेला कडुनिंबाचा पाला. पेटी भिंतीला टेकवून जमिनीवर होती, तिच्याखाली दोन विटा ठेवल्या, वाळवीसाठी. कडक उन्हात फिती घालू नका, रंग उडतो, हे सांगितलं. पदक हरवलं असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारून रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करता येतो, हेही सांगितलं. पण आजीचं एकही हरवलेलं नव्हतं.

मग शर्ट निघाला. बाहीवर तीन पट्ट्या. त्यातल्या दोन मशीनवर नीट मारलेल्या आणि खालची तिसरी हातानं शिवलेली, तीही निळ्या दोऱ्यानं. हिरव्या कापडावर निळे टाके चांगलेच उठून दिसत होते. मी विचारलं तर आजी लाजली.

"म्या शिवली ती. हवालदार झाल्याचा हुकूम सुट्टीवर निघायच्या आदल्या दिशी आल्ता म्हनत. पट्टी खिशात घालून आनली. जायच्या रातच्याला म्हने, शिवून दे. घरात हिरवा दोरा नव्हता, दुकान बंद. मंग निळ्यानंच शिवली, चिमनीच्या उजेडात. गाडी लागेपर्यंत मले भेव, सायबानं पायलं तं काय म्हनन!"

"मग साहेब काही बोलले का?"

"पत्रात ल्हेलं व्हतं त्यायनं. सायबानं इचारलं म्हने, हे टाके कोनाचे. तं हे म्हनले, घरच्याइचे. सायेब हसला अन् पुढं गेला. मंग यायनं ते टाके कधी बदललेच नाहीत."

सून जवळ येऊन बसली होती. तिनं तो टाका बोटानं चाचपला. म्हणाली, "आत्याबाई, हे मले कधी सांगलं नाही तुमी."

"तू इचारलं कधी?"

पुढचा अर्धा तास मला तिथं काही काम नव्हतं. सुनेनं पोराची वही आणली, एकेक पदक बघत त्याच्यासमोर काय आहे ते लिहिलं. आजी सांगत होती, नातू स्पेलिंग सांगत होता. गाव, नंबर, भरतीचं साल १९६४, निवृत्तीचं १९८२, कुठं कुठं होते ते. शर्टापुढे तिनं लिहिलं, 'तिसरी पट्टी आजीनं शिवली, दोरा निळा'. कागद पेटीत सगळ्यात वर ठेवला. जर्सीचं भांडण तेवढं राहिलं. आजी म्हणाली, भरती झालास तर देईन, आधी नाही. नातवाला ते फारसं पटलं नाही.

२०१९ च्या पुलवामाच्या हल्ल्यात आपल्या जिल्ह्यातले दोन जवान गेले, एक मलकापूरचा, एक लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचा. त्यांच्या घरीही कपडे असतील, बिल्ले असतील. त्यांची मुलं मोठी होऊन ते हातात घेतील तेव्हा कुणीतरी जवळ बसून सांगणारं हवं, एवढंच मनात येतं.

घरी परतले तेव्हा सासूबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. त्यांना आजीची सगळी हकिगत सांगितली, निळ्या दोऱ्यासकट. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "कोटाला सहा बटनं व्हती. एक तुटलं व्हतं, ते मी काळं लावलं व्हतं. त्याईले कधी समजलंच नाही."

मी वही आणली आणि तेवढं लिहून ठेवलं.